बेंजोवरचा दरबारी

गोंदियाकडे बेंजो म्हटलं की वरात आठवते, धुमाळ आठवतो, राग नाही. म्हणून कुणी त्यावर राग वाजवला की आपण कौतुक करून मोकळे होतो, नीट ऐकत नाही. हा बेंजो अमेरिकेतला नव्हे. १९१२ साली जपानात, नागोयाला, गोरो मोरितांनी टाइपरायटरसारख्या कळा बसवून ताईशोगोतो केलं, त्याचाच हा भारतीय अवतार: बुलबुलतरंग. कळ दाबली की सूर ठरला. जोराने दाबून तो किंचित चढतो, पण तिला मींड म्हणवत नाही. दुर्गातली द्रुत गत, झाला इथे झकास उठतो. दरबारीचा गंधार मात्र आंदोलनाशिवाय नुसता कोमल गंधार उरतो. मींड नसल्याचा आक्षेप पेटीवरही होता; आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिला बंदी घातली. पण पेटी निदान सूर धरून ठेवते, बेंजोचा विझतो. मग विलंबित आलापाचा हट्ट कशाला? ती सतारीची नक्कल होते, तीही फिकी. नाट्यपदांतल्या दाणेदार ताना या कळांवर चपखल बसतात. त्या फार कमी ऐकू येतात, याची मला खरी तक्रार आहे.