टवाळीचं गिऱ्हाईक

सत्तेची टर उडवणारं नियतकालिक हाती आलं की आधी त्याचे अंक विकत कोण घेतं ते बघावं. शैली, चित्रं, विनोद यांचा विचार मागाहून. काशीतल्या ‘कविवचनसुधा’ची गत तरी हेच सांगते.

भारतेंदु हरिश्चंद्रांनी १८६८मध्ये ते काढलं तेव्हा त्यात जुन्या कविता छापून येत. दात पुढे फुटले. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो काशीला आला, दरबार, म्हणजे ‘लेवी’, भरला आणि त्यावर ‘लेवी प्राण लेवी’ हा लेख आला. दरबारी पोशाख चढवून घामाने निथळत ताटकळलेले, हुकूम होताच उठणारे-बसणारे रईस त्यात आहेत. लिहिणारा त्याच रईसांतला! साहेबावर तोंडसुख घेणं सोपं होतं; इथे मार बसतो तो आपल्याच मंडळींच्या कण्यावर. म्हणून हा लेख मला नंतरच्या कितीतरी राजकीय विनोदापेक्षा सरस वाटतो.

पुढे त्याच पत्रात ‘मर्सिया’ (शोकगीत) या नावाचं लिखाण छापलं गेलं. हा टोला प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर विल्यम म्यूर यांनाच आहे, असं सरकारचे कान फुंकले गेले. सरकार या पत्राच्या १०० प्रती घेत असे. ती खरेदी थांबली.

पत्र अखेर हरिश्चंद्रांनी चिंतामणराव धडफळे यांच्या हवाली केलं. आडनाव आपल्याकडचंच. त्या काळी काशीत सर्वांत वादग्रस्त पुढारी राजा शिवप्रसाद ‘सितारेहिंद’. हरिश्चंद्र एकेकाळी त्यांच्याकडे इंग्रजी शिकलेले, पुढे त्यांचेच विरोधक. १८८३मध्ये राजासाहेब गोऱ्यांवर खटले चालवायचा अधिकार हिंदी न्यायाधीशांना देऊ पाहणाऱ्या इल्बर्ट बिलाच्या विरोधात गेले, लोक खवळले, आणि ‘कविवचनसुधा’ने बाजू घेतली ती राजासाहेबांची! वाचकांच्या मनातून पत्र उतरलं. ६ जानेवारी १८८५ला हरिश्चंद्र गेले, तेव्हा इतर हिंदी पत्रांनी शोक पाळला. त्यांच्याच पत्राने एक रकानाही काळा केला नाही. त्याच वर्षी ते बंद पडलं.

आपण यावर हसू नये. १३ ऑगस्ट १९६०ला ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक निघालं, तेही मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते. ठाकरे बंधूंच्या कुंचल्याला सरकारी प्रतींची गरज नव्हती, वाचकच पैसे मोजत होता. १९६६मध्ये शिवसेना निघाली आणि वाचकाचा शिवसैनिक झाला. रेषा तितकीच धारदार राहिली. फक्त घरच्या माणसांकडे वळेनाशी झाली.

आजच्या काशीत व्यंग आहे, पण ते तोंडी. १ एप्रिलला घाटावर महामूर्ख संमेलन भरतं, आणि अस्सी मोहल्ल्याच्या होळीतल्या कवितांत पुढाऱ्यांना ज्या शिव्या बसल्या त्या कुठलाच संपादक छापणार नाही. मजा येते, नाही कशाला म्हणा! पण पुढारीही त्यात हसून घेतो आणि दुसऱ्या दिवशी मोकळा होतो. त्याच माणसाला दर आठवड्याला, तारीख टाकून, गाठायचं काम मैफलीचं नाही. त्यासाठी ‘मार्मिक’ची पहिली सहा वर्षं काशीकरांनी जरूर चाळावीत, पुढची आपण.