सिमेंटची दरज, जुनी भिंत
जुन्या वाड्यांच्या विटांच्या भिंती दुरुस्त करताना दरजा सिमेंटने भरतात. सिमेंट अधिक मजबूत, हे खरे. पण येथे तोच निकष लावणे आम्हांस चुकीचे वाटते. चुन्याचा माल सच्छिद्र असतो. भिंतीतली ओल दरजांतून बाहेर पडते. सिमेंट ती वाट अडवते. मग ओल विटेतून सुकते, क्षार तेथेच साठतात व विटेचे पापुद्रे सुटतात. भट्टीत गमावलेला कार्बन डायऑक्साइड हवेतून परत घेत चुना सावकाश घट्ट होतो. पाण्याखाली मात्र तो घट्ट होत नाही. तेथे सुरखी मिसळावी लागते किंवा सिमेंट वापरावे लागते. झिजलेली दरज पुन्हा भरता येते, वीट बदलणे अवघड. म्हणून वर्गात 'कोणते मजबूत?' याबरोबर 'कशासाठी?' हेही विचारावे.