दाखविलेली चिंबोरी आणि वाढलेली चिंबोरी

उपाहारगृहाचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत कशाला, असें कांहीं वाचक म्हणतील. त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, 'नाट्यशास्त्रां'त रस समजावून देतांना भरतमुनींनींहि नाना व्यंजनांनीं सिद्ध झालेल्या अन्नाचाच दृष्टान्त घेतला आहे.

ठाण्यास, कारखान्यांची जुनी वसाहत असलेल्या वागळे इस्टेटींत, एका चिनी उपाहारगृहांत आम्ही नुकतेच सहकुटुंब जेवलों. जिवंत मासळी हें तेथील वैशिष्ट्य. वाढप्यानें प्रथम चिंबोरी आणून दाखविली. डेंगे सुतळीनें बांधलेले, डोळे मात्र हालत होते. आमची धाकटी कन्या दोन पावलें मागें सरली. अर्ध्या तासानें तीच चिंबोरी लालभडक शेजवान चटणींत बुडून आली. चव तिखटाची होती, लसणीची होती, व्हिनेगरची होती, चिंबोरीची नव्हती. बर्फांतली शिळी चिंबोरी घातली असती तरी आम्हांस कळलें नसतें.

आमचा आक्षेप तिखटावर नाहीं. कोळीवाड्यांतील कालवणहि तिखटच असतें, पण त्यांतून चिंबोरीची गोडी हरवत नाहीं. कलकत्त्याच्या हक्का चिनी कुटुंबांपासून चालत आलेल्या भारतीय-चिनी पाकपद्धतीचेंहि आम्हांस वावडें नाहीं. परंतु जिवंत प्राणी गिऱ्हाइकास दाखविणें ही एक प्रतिज्ञा आहे. चिंबोरी मेली कीं तिचें मांस झपाट्यानें नासूं लागतें; म्हणूनच आमच्या खाडीकांठची कोळीण ती जिवंत विकते. तो ताजेपणा जिभेस कळावा, एवढ्यासाठींच हा सारा खटाटोप. कँटनच्या रीतींत जिवंत मासा आलें आणि कांद्याची पात घालून बेताचा वाफवितात. वर थोडा सोया आणि कढत तेल. मासा शिळा असेल तर तेथें तें लपत नाहीं.

ही दृष्टि आपणांस परकी नाहीं. अलिबागकडील खारेपाटांत तळ्यांत जिताडा पाळतात आणि पाहुणा आला कीं तो काढतात. सिंगापुरांत चिनी आचारी याच जातीचा मासा वाफवितात.

घरीं परततांना कन्येनें विचारलें, "चव कळायचीच नव्हती, तर ती जिवंत कशाला दाखविली?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. एक जीव आपल्या डोळ्यांदेखत निवडून घ्यावयाचा, तर निदान त्याची चव तरी वायां जाऊं नये. तेथें जाणाऱ्या वाचकांनीं चिंबोरी आलें घालून नुसती वाफवून मागावी. आचारी कां-कूं करूं लागला, तर नूडल्स खाऊन परत यावें.