लहान देश, लहान शेत आणि गावकुसाबाहेरचा हिशेब

आपल्याकडच्या सुशिक्षित वर्गात लहान देशांचे कौतुक करण्याची एक रीत पडून गेली आहे. सभेत, वर्गात, वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत केव्हातरी सिंगापूरचे नाव निघते. मग स्वच्छ रस्ते, च्युइंग गमवरची बंदी आणि एक कणखर नेता यांचे वर्णन होते. शेवटी सुस्कारा टाकला जातो, की आपला देश फार मोठा, माणसे फार, शिस्त नाही, म्हणून आपले काही व्हायचे नाही. या कौतुकाचा आधारग्रंथ म्हणजे ली क्वान यू यांचे 'फ्रॉम थर्ड वर्ल्ड टू फर्स्ट' हे २००० साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन. पुस्तक वाचण्यासारखे आहे. परंतु आपल्याकडे ते वाचताना एक फार सोयीची गाळणी लावली जाते. त्या गाळणीत काय अडवून ठेवले जाते, हे दलित वाचकाच्या बाजूने तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम 'लहान' या शब्दाचाच विचार करू. लहान असणे हेच प्रगतीचे कारण असेल, तर जगातले सगळे लहान देश श्रीमंत असायला हवे होते. तसे नाही. मग लहानपणाचा अर्थ काय? या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे, पण ते देशांविषयी नव्हते, शेतांविषयी होते. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यावरील उपाय या विषयावर निबंध लिहिला. त्या काळी बडोद्यापासून मुंबईपर्यंत सर्व जाणते लोक सांगत होते, की जमिनीचे तुकडे झाले म्हणून शेतकरी दरिद्री आहे. तुकडे जोडा, दारिद्र्य जाईल. बाबासाहेबांनी हे मूळच उपटले. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही. त्यावर लावायला अवजारे, बैल, भांडवल किती आहे यावर ते ठरते. आपल्या शेतकऱ्याकडे साधनेच इतकी थोडी, की आहे तेच शेत त्याला मोठे पडते. खरा रोग जमिनीवर बसून राहिलेल्या बेकार माणसांचा आहे, आणि त्यावरचा उपाय उद्योगधंद्यांचा आहे.

हाच विचार देशांना लावून पाहा. देश लहान की मोठा हे नकाशावर ठरत नाही. तिथल्या तळाच्या माणसाच्या हाती काय दिले गेले, यावर ते ठरते. या कसोटीवर सिंगापूरची गोष्ट वेगळी दिसू लागते.

मी देवळाली कॅम्पात राहतो, आणि लींच्या पुस्तकातील एक प्रकरण येथल्या वाचकाला इतरांपेक्षा अधिक कळते. ते ब्रिटिश लष्करी तळ उठून जाण्याचे आहे. कॅम्प म्हणजे काय असते ते आम्हांला सांगावे लागत नाही. तोफखान्याच्या स्कूलपासून बाजारातल्या शिंप्यापर्यंत आणि धोब्यापर्यंत पुष्कळांची चूल लष्कराच्या पगारावर पेटत आलेली आहे. १९६५ साली मलेशियातून बाहेर पडलेल्या सिंगापूरचीही अवस्था अशीच होती. देशाच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे एक पंचमांश भाग ब्रिटिश तळांतून येत होता. १९६८ च्या जानेवारीत ब्रिटनने जाहीर केले, की १९७१ पर्यंत आम्ही निघून जाणार. हजारो कामगारांच्या पोटावर पाय येणार होता.

अशी एक घटना आपल्याही समाजाच्या इतिहासात आहे. महार शिपाई मुंबई लष्करात पिढ्यान् पिढ्या लढला. लष्कराच्या शाळेत त्याची मुले शिकली, कॅम्पात त्याला गावापेक्षा निराळी हवा मिळाली. रामजी सुभेदारांचे घर त्याच हवेत उभे राहिले. १८९० नंतरच्या दशकात इंग्रजांनी 'लढवय्या जाती'चे तत्त्वज्ञान पुढे करून महारांची भरती बंद केली. एक दार बंद झाले, पण दुसरे कोणी उघडले नाही. पेन्शनीत निघालेला शिपाई ज्या गावाला परतला तेथे त्याच्यासाठी येसकरकी आणि मेलेली ढोरे ओढण्याचे काम तयार होते. गोपाळबाबा वलंगकरांसारख्यांनी अर्ज केले, पण फळ आले नाही. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत अर्धे शतक गेले.

सिंगापूरने दार बंद होताना काय केले? नौदलाची गोदी ताब्यात घेऊन १९६८ सालीच तिचा व्यापारी जहाजदुरुस्तीचा कारखाना केला. त्याच कामगारांच्या हातांना तेच काम नव्या मालकीत मिळाले. त्याआधी १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ आणि १९६१ मध्ये आर्थिक विकास मंडळ स्थापन झाले होते. १९६६ मध्ये जमीन संपादनाचा कायदा आला, आणि पुढच्या दोन दशकांत बेटावरील बहुतांश जमीन सरकारच्या मालकीची झाली. त्या जमिनीवर घरे बांधून ती मजुराला हप्त्याने देण्यात आली. आज तेथील चारांतले तीनहून अधिक रहिवासी सरकारी मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. १९६५ साली दरडोई उत्पन्न सुमारे ५०० डॉलर होते, आज ते ऐंशी हजारांच्या वर आहे. या आकड्याचे कौतुक सर्व करतात. जमीन सरकारने घेतली होती, हे मात्र आमचे कौतुककर्ते कधी सांगत नाहीत. १९४७ साली बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन आणि पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करा, असे मांडले, तेव्हा ते अव्यवहारी ठरले. तीच गोष्ट दुसऱ्या रीतीने सिंगापुरात झाली तेव्हा तिला व्यवहारचातुर्य म्हणतात!

गाळणीत अडकलेली दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. १९८९ साली सिंगापूरने नियम केला, की सरकारी वसाहतीत प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय यांचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाता कामा नये. एका वंशाची वस्ती एकीकडे आणि दुसऱ्याची दुसरीकडे, असे होऊ द्यायचे नाही. हा नियम निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. घर विकताना अल्पसंख्याकालाच त्याचा जाच अधिक होतो, कारण त्याला गिऱ्हाइके थोडी मिळतात. परंतु शेजार कोणाचा असावा हा राज्याने हात घालण्याचा विषय आहे, हे तेथे मान्य झाले. आपल्याकडे प्रत्येक गावाचा नकाशा शेजार नाकारण्यासाठीच काढलेला आहे. शहरात येऊनही आडनाव विचारून खोली नाकारली जाते. सिंगापूरसारखे रस्ते हवेत म्हणणाऱ्याला विचारून पाहा, सिंगापूरसारखा शेजार चालेल काय? त्याचे उत्तर ऐकण्यासारखे असते.

आता पुस्तक जे स्वतःच कमी सांगते तेही पाहिले पाहिजे. १९६८ च्या रोजगार कायद्याने कामगार संघटनांचे हात बांधले. विरोधी पक्षाचे चिया थाय पोह यांना १९६६ मध्ये पकडण्यात आले आणि कोणताही खटला न चालवता १९८९ पर्यंत कैदेत ठेवण्यात आले. मलय तरुणांना सक्तीच्या लष्करी सेवेत पहिली काही वर्षे जवळजवळ बोलावलेच गेले नाही. ज्यांच्या आजोबांना 'लढवय्ये नाहीत' म्हणून घरी पाठवले गेले त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून द्यायला नको. आणि २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा त्या चकचकीत शहराच्या कडेला तीन लाखांहून अधिक परदेशी मजूर दाटीवाटीच्या वसतिगृहांत राहत असल्याचे जगाला दिसले. त्यांत भारतीय आणि बांगलादेशी पुष्कळ होते, आणि त्या वर्षी रोग्यांपैकी बहुसंख्य तेथलेच होते. म्हणजे सिंगापूरनेही आपले गावकूस बांधलेच आहे. तेथील नागरिक कुसाच्या आत आहे आणि बाहेर आपल्यासारखा कोणी आहे. शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी १९७५ ते १९७७ चे आपले दिवसही आठवावेत. तेव्हाही गाड्या वेळेवर धावत होत्या असे सांगतात. झोपड्या मात्र कोणाच्या पडल्या?

मराठी वाचकाला सिंगापूरहून जवळचा वाटावा असा एक लहान देश आहे. तो मॉरिशस. १८३४ पासून १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर तेथे नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील मराठी मजूरही होते, आणि त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. पण त्या मजुराचे पुढे काय झाले, हे विचारले जात नाही.

१९६१ साली जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने मॉरिशसविषयीचा अहवाल दिला. पुढे १९७७ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा निष्कर्ष निराशेचा होता. एकच पीक ऊस, माणसे वाढती, वंश अनेक, त्यामुळे या बेटाला भवितव्य नाही. १९६८ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा निर्यातीत नव्वद टक्क्यांहून अधिक साखरच होती. तरीही मीडचे भाकीत खोटे ठरले. साखरेवर निर्यात कर बसवून पैसा समाजाकडे वळवला गेला. १९७० मध्ये निर्यातीसाठी माल करणाऱ्या कारखान्यांना सवलतींचा कायदा झाला. १९७५ मध्ये युरोपशी करार होऊन साखरेला हमीचा भाव मिळाला. तांदूळ आणि पीठ स्वस्त ठेवले गेले. मे १९७५ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. या देशाने खडे सैन्य ठेवले नाही. राज्यघटनेत अल्पसंख्य जमातींसाठी संसदेत आठ जागांची खास तरतूद ठेवली. मीडने जे अनेक वंश संकट म्हणून मोजले त्यांना सत्तेत बसवण्याची काहीतरी रीत शोधली गेली, आणि म्हणून बेट फुटले नाही. प्रतिनिधित्व दिले की कार्यक्षमता बुडते, असे येथे राखीव जागांविषयी म्हणणाऱ्यांनी हे पाहावे.

परंतु हेही चित्र अपुरे आहे. निर्यातीच्या कारखान्यांत बहुसंख्य मजूर बाया होत्या, आणि आरंभी त्यांची किमान मजुरी पुरुषांपेक्षा कमी ठरवलेली होती. ऊसमळ्यांची मोठी मालकी फ्रेंच वंशाच्या थोड्या घराण्यांकडेच राहिली. आणि सर्वांत मागे राहिले ते आफ्रिकी गुलामांचे वंशज, क्रिओल. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा नुकसानभरपाई मालकांना मिळाली. गुलामाला ना जमीन, ना पैसा. १९९३ नंतर 'क्रिओलांची व्यथा' हा शब्दप्रयोग तेथे रूढ झाला. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट काही दिवस पेटले. विकासाचे आकडे तेव्हा उत्तम होते. सरकारने सत्य आणि न्याय आयोग नेमला. त्याचा अहवाल २०११ मध्ये आला, आणि त्यात पुन्हा जमिनीचा प्रश्न होताच.

ज्याला काहीच न देता 'स्वतंत्र' केले गेले तो मागे पडतो, हे मॉरिशसने सिद्ध केले. आपल्याकडेही तसेच झाले. १९५८ साली कनिष्ठ वतने रद्द झाली, पण वतनाची जमीन महाराच्या हाती किती राहिली? ती परत घेण्यासाठी त्याला पैसे भरावे लागत होते, आणि पैसे कोणाकडे होते? या नाशिक जिल्ह्यातूनच दादासाहेब गायकवाड उभे राहिले. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात ते होते, आणि १९५९ व १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाचेही ते नेते होते. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यांची मागणी होती. तैवानने १९४९ ते १९५३ या काळात आणि दक्षिण कोरियाने १९५० मध्ये जमीन कुळांना देऊन टाकली. त्यांच्या नंतरच्या वेगाचे मूळ पुष्कळ अर्थतज्ज्ञ तेथेच शोधतात. म्हणजे दादासाहेबांची मागणी भिकेची नव्हती. ती विकासाची पहिली अट होती. तुरुंग भरले, आणि आपल्या विकासाच्या इतिहासात मात्र त्या सत्याग्रहाला दोन ओळींची जागा मिळत नाही.

येथे आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. लहान ते सुंदर, असेही एक तत्त्वज्ञान आपल्याकडे आले आहे आणि ते खेड्याची आरती करते. खेड्याएवढे लहान प्रजासत्ताक दुसरे कोणते? आणि माणसाला त्याच्या जागी जखडून ठेवण्यात त्याच्याएवढे निष्णात तरी दुसरे कोणते? लहान जागेत एकच जात बहुसंख्य असली की अल्पसंख्याला पळायलाही वाट उरत नाही. बाबासाहेबांनी भाषिक राज्यांवर लिहिताना १९५५ मध्ये हाच धोका दाखवला होता. लहानपणा स्वतःहून कोणाला मुक्त करीत नाही.

शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांना माझे सांगणे एवढेच आहे, की लींचे पुस्तक जरूर वाचा, मीडचा अहवालही वाचा. पण दोन्ही वाचताना चार प्रश्न हाताशी ठेवा. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली? मजुराचे घर कोणाच्या शेजारी बांधले गेले? शाळेचा पैसा कोणाच्या नफ्यातून आला? आणि वाढीच्या आकड्यात जो मोजला गेला नाही तो कोण? हे प्रश्न सातपूर-अंबडच्या कारखान्यांना लावा, कंत्राटदाराच्या हजेरीपुस्तकाला लावा, आपल्या तालुक्याच्या गायरानाला लावा. पुढच्या सभेत कोणी उठून 'सिंगापूर बघा' म्हणाला, तर त्याला आपण म्हणू या, की चला, पाहू या. फक्त जमिनीच्या सात-बारापासून सुरुवात करू.