प्रकाश कोणाच्या चेहऱ्यासाठी?

चित्रपटातील प्रकाशयोजनेविषयी आपल्याकडे केवळ तंत्र म्हणून बोलले जाते. मुख्य दिवा एका बाजूने, सावली सौम्य करणारा दुसऱ्या बाजूने, केस व खांदे पार्श्वभूमीपासून सुटे करणारा तिसरा मागून. एवढे जमले की चेहरा ‘चांगला’ दिसतो, असे सांगतात. पण चांगला म्हणजे कसा, हे कोणी ठरविले? समीक्षेने हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

या तंत्राचे मोजमाप एका विशिष्ट कातडीवर बेतलेले होते. रंगीत छपाई जुळविण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना जी ‘शर्ली कार्डे’ पुरवीत असे, त्यांवर दशकानुदशके गोऱ्या स्त्रीचेच छायाचित्र असे. तिची कातडी बरोबर उतरली की रंग बरोबर! काळ्या चेहऱ्याचे तपशील बुजले तर दोष त्या चेहऱ्याचा. वेगवेगळ्या वंशांच्या स्त्रिया कार्डावर येण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले.

हा दंडक आपल्याही अंगवळणी पडला आहे. विद्यार्थ्यांच्या अर्जावरचे फोटो पाहावेत. पांढऱ्या पडद्यासमोर बसविलेल्या सावळ्या मुलाचा चेहरा काळवंडतो, कारण कॅमेरा पडद्याच्या उजेडावरून हिशेब करतो. मग स्टुडिओवाला न विचारताच त्याला ‘गोरा करून’ देतो. मुलगा तो फोटो जपून ठेवतो.

पडद्यावरही हेच झाले. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त (१९५९) अस्पृश्य मुलगी झाली नूतन. चित्रपटाचा हेतू प्रामाणिक आहे, नूतनचा अभिनय थोर आहे. तरीही प्रेक्षकाची करुणा मिळविण्यासाठी आमच्या मुलीला तारकेचा चेहरा आणि तारकेचा प्रकाश उसना घ्यावा लागला. दलित म्हणजे काळा, हे समीकरण खोटेच आहे. आपल्या वस्त्यांत सर्व रंगांची माणसे आहेत. प्रश्न रंगाचा नसून कोणता चेहरा प्रकाशास पात्र मानला जातो, याचा आहे.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) याला उत्तर दिले. छायालेखक विक्रम अमलाडी यांनी जब्याचा चेहरा उजळविण्याचा खटाटोप केला नाही. त्या काळ्या चेहऱ्यावर ओढ, लाज आणि संताप स्पष्ट वाचता येतात. म्हणूनच शेवटी भिरकावलेला दगड आपल्याला लागतो.

काळ्या कातडीवर दिव्यांचा मारा करून काही साधत नाही. ती प्रकाश परावर्तित करते, म्हणून मोठ्या पृष्ठभागावरून येणारा मऊ प्रकाश तिला मानवतो. ‘अपराजितो’साठी (१९५६) सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरे कापड ताणून त्यावरून प्रकाश परतविला होता. म्हणजे उपाय महागडा नाही. पांढरे कापड आपल्या वस्तीतही मिळते!

आज सभा-मोर्चांचे चित्रण आपली मुले मोबाईलवर करतात. कातडी आपोआप उजळ करणारी सोय त्यांनी प्रथम बंद करावी. बोलणाऱ्याला खिडकीच्या बाजूला बसवावे, दिव्याची जागा त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवावी. आपली माणसे जशी आहेत तशी नीट दिसणे, हाही चळवळीचाच भाग आहे.