उत्तर नसलेल्या प्रश्नांची वही

ल्वुव शहरातल्या (तेव्हा पोलंड, आता युक्रेन) 'स्कॉटिश कॅफे'त स्टेफान बानाख आणि त्यांचे सहकारी टेबलांच्या संगमरवरावरच गणिते मांडत. टेबल पुसले की सारे जाई. म्हणून १९३५ मध्ये बानाख यांच्या पत्नीने एक जाड वही आणून दिली. तिच्यातले प्रश्न 'द स्कॉटिश बुक' या नावाने मॉल्डिन यांनी १९८१ मध्ये टिपणांसह संपादित केले.

फलनांनाच बिंदू मानून त्यांच्या अवकाशाचा अभ्यास करणारी शाखा म्हणजे फलनक विश्लेषण. तिची जडणघडण येथे दिसते. १९३६ मध्ये माझुर यांनी १५३ वा प्रश्न लिहिला. बक्षीस जिवंत हंस! १९७२ मध्ये स्वीडनच्या पेर एन्फ्लो यांनी तो सोडवला आणि हंस मिळवला.

प्रश्नांचे पुढे काय झाले हे टिपणांतून कळते, हा ग्रंथाचा मोठा गुण. मात्र नवख्याला ती जड जातात. शिवाय फसलेले प्रयत्न टेबलाबरोबर पुसले गेले. आरंभीच्या आठवणींनीही ही उणीव पुरती भरत नाही.

आम्ही संशोधकसुद्धा बहुधा सुटलेलेच छापतो. वर्गात तरी न सुटलेला प्रश्न, विचारणाऱ्याच्या नावासह, वहीत का राहू नये?