परक्या मांडवांतील गाणें

ऑस्ट्रेलिया हा देश युरोपांत नाहीं, हें भूगोलाच्या पहिल्याच धड्यांत शिकवितात. तरी २०१५ सालापासून युरोपच्या सुप्रसिद्ध गीतस्पर्धेंत तो भाग घेत आला आहे. या विसंगतीकडे माझें लक्ष वेधलें तें माझ्या नातीनें. ती मेलबोर्न येथें वाढत आहे. मे महिन्यांत तिच्याकडे पहांटेचे पांच वाजतात, आमच्या चिकलठाण्यांत मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो, आणि तिकडे व्हिएन्ना किंवा स्टॉकहोम येथें स्पर्धेचा अंतिम सोहळा सुरू होतो. आम्ही आजोबा-नात दूरध्वनीवर बोलत तो मिळून पाहतों. एकदां तिनें सहज विचारलें, "आजोबा, आपलीं माणसें तिथें गेलीं, तर मराठींत गातील का?" मला चटकन् उत्तर देतां आलें नाहीं. तें शोधण्यासाठींच मीं ऑस्ट्रेलियाचीं गाणीं पुन्हां लक्षपूर्वक ऐकलीं.

प्रथम थोडी पार्श्वभूमि. युरोपांतील ध्वनिक्षेपण संस्थांच्या संघानें १९५६ सालीं स्वित्झर्लंडमधील लुगानो येथें सात देशांना घेऊन ही स्पर्धा सुरू केली. 'युरोव्हिजन' हें तिचें नांव. ऑस्ट्रेलियांतील एसबीएस ही बहुभाषी संस्था १९८३ पासून ती आपल्या प्रेक्षकांस दाखवूं लागली. युरोपांतून येऊन तेथें स्थायिक झालेल्या असंख्य कुटुंबांना तींत मायदेशाचा आवाज ऐकूं येई. २०१५ सालीं साठाव्या स्पर्धेच्या निमित्तानें ऑस्ट्रेलियास निमंत्रण मिळालें. तें एका वर्षापुरतेंच होतें. पण पाहुणा पुढें घरचाच झाला.

या स्पर्धेंत भाषेचा प्रश्न जुनाच आहे. प्रत्येक देशानें स्वतःच्या भाषेंत गावें, असा दंडक १९६६ मध्यें घालण्यांत आला. १९७३ ते १९७६ या वर्षांत तो शिथिल झाला, आणि त्याच अवधींत, १९७४ सालीं, स्वीडनच्या 'आबा' या गायकवृंदानें इंग्रजी गीत गाऊन पहिला क्रमांक पटकावला. १९९९ पासून तो दंडक कायमचा गेला. तेव्हांपासून इंग्रजीचा जो पूर आला आहे, त्यांत कोणतें गाणें कोणत्या देशाचें, हें पाटी वाचल्यावांचून पुष्कळदां कळत नाहीं.

ऑस्ट्रेलियाची अडचण अशी कीं, इंग्रजी हीच त्याची व्यवहाराची भाषा. पहिल्या वर्षीं मलेशियांत जन्मलेला गाय सेबॅस्टियन गायला आणि पांचवा आला. २०१६ सालीं स्टॉकहोम येथें डामी इम ही दक्षिण कोरियांत जन्मलेली गायिका दुसरी आली. तिच्या आवाजाची झेप असामान्य होती, हें कोणीही मान्य करील. परीक्षकांच्या मतांत ती पहिली होती; प्रेक्षकांचीं मतें मिळविल्यावर मात्र ५११ विरुद्ध ५३४ गुणांनीं युक्रेनची जमाला पुढें गेली. डामी इमचें विरहगीत निर्दोष आहे. परंतु तें स्वीडननें पाठविलें असतें, तरी कोणास आश्चर्य वाटलें नसतें. जमालाचें '१९४४' हें गीत मात्र दुसऱ्या कोणालाही गातां आलें नसतें. त्या सालीं क्रिमियांतील तातार लोकांना सक्तीनें देशोधडीस लावण्यांत आलें. गायिकेची पणजी त्यांपैकींच एक. गीताचीं कडवीं इंग्रजी, पण ध्रुपद क्रिमियन तातार भाषेंत आहे. दुःख अनावर होतें तेथेंच गायिका स्वभाषेकडे वळते. त्या वळणावर ऐकणाऱ्याला शब्द कळत नाहींत, अर्थ कळतो.

२०२४ सालीं माल्मो येथें ऑस्ट्रेलियानें वेगळी वाट धरली. 'इलेक्ट्रिक फील्ड्स' या जोडीच्या 'वन मिल्काली' या गीतांत तेथील मूळ रहिवाशांच्या यंकुनिचाचारा भाषेंतील शब्द आले. 'मिल्काली' म्हणजे रक्त. सर्व मानवांचें रक्त एक, हा गीताचा आशय. त्या खंडांतील मूळची भाषा या व्यासपीठावर प्रथमच ऐकूं आली. गीत उपांत्य फेरींतच बाद झालें.

येथें कोणी म्हणेल, 'पाहा, स्वभाषेचा परिणाम!' मला तसें वाटत नाहीं. त्या गीताचा दोष भाषेंत नसून बांधणींत आहे. बराचसा भाग इंग्रजी, ठेका नृत्यगृहांतला, आणि मूळ भाषेचे शब्द दागिन्यासारखे वरून घातलेले. ते काढले तर गीत अडखळत नाहीं, हीच त्याविरुद्धची साक्ष. जमालाचें ध्रुपद काढून पाहा. गीतच उरत नाहीं. तथापि दुसऱ्या क्रमांकाच्या निर्दोष गीतापेक्षां हा फसलेला प्रयत्न मला अधिक मोलाचा वाटतो. आपण कोण, हा प्रश्न त्या देशानें येथें निदान स्वतःला विचारला.

उसन्या रूपाचा मला तिटकारा नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'सौभद्रां'त कर्नाटकी चाली घेतल्या, म्हणून तें नाटक कानडी झालें नाहीं. कारण त्या चालींवर बोलणारें मन मराठी होतें. चाल दुसऱ्याची घ्यावी, वाद्यें दुसऱ्याचीं घ्यावीं. मात्र जें दुसऱ्या भाषेंत सांगतांच येणार नाहीं, असें कांहीं आपल्यापाशीं असावें.

म्हणून नातीला मीं कळविलें तें असें: मराठींत गातां येईल, पण केवळ मराठी आहोंत हें दाखविण्यासाठीं गाऊं नये. तिला यावर दुसरी शंका आली. "पण आजोबा, मला तर स्वप्नंसुद्धां इंग्रजींत पडतात." या शंकेला एसबीएसपाशीं उत्तर नाहीं, आणि माझ्यापाशींही नाहीं. मात्र त्या दिवसापासून आमचा पहांटेचा संवाद मीं कटाक्षानें मराठींत ठेवला आहे. तिचीं वाक्यें अडखळतात. तीं मी दुरुस्त करीत नाहीं.